इंजिन कोणाच्या हाती?

२६ फेब्रुवारी १९७१. मुंबईच्या बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर जवळपास सात महिने यंत्रे थंड ठेवून पडलेली 'आयएनएस विक्रांत' त्या दिवशी धक्का सोडून बंदरातच नांगरावर जाऊन उभी राहिली. देशाची ही एकुलती एक विमानवाहू नौका, आणि दुखणे तिच्या पोटात होते. बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमना भेगा गेल्या होत्या आणि त्या वेल्डिंगने बुजण्यातल्या नव्हत्या. नवे ड्रम देशात मिळत नव्हते. ब्रिटनकडे चार ड्रमची मागणी नोंदवली होती, पण ते अजून यायचे होते. तोवर बॉयलर पेटवायचेच नाहीत, असा नौदल मुख्यालयाचा आदेश होता. आता मात्र वाफेचा दाब कमी ठेवून, आहे त्या बॉयलरवर जहाज चालते का ते पाहायचे ठरले.

१ मार्चला बॉयलर पेटले. जहाज जागीच ठेवून पंखे मिनिटाला ४० फेऱ्यांपर्यंत फिरवून पाहिले. त्याच दिवशी विमाने डेकवरून भिरकावणाऱ्या कॅटपल्टचीही चाचणी झाली. १८ मार्चला जहाज समुद्रात गेले आणि दोन दिवसांनी परतले. एप्रिलच्या अखेरीस पुन्हा चाचणी झाली. शेवटी नौदलाने मर्यादा आखून दिली: पंख्यांच्या फेऱ्या पुढे जाताना मिनिटाला १२० आणि मागे येताना ८० च्या वर न्यायच्या नाहीत. म्हणजे वेग १४ नॉट. धडधाकट असताना हीच नौका २५ नॉटच्या आसपास धावायची.

विमानवाहू नौकेच्या बाबतीत हे गमावलेले अकरा नॉट फार महाग पडतात. विमान उडवायचे तर जहाज वाऱ्याच्या तोंडावर धरून पूर्ण वेगाने हाकतात, म्हणजे वाऱ्याचा वेग आणि जहाजाचा वेग यांची बेरीज विमानाच्या पंखांना मिळते. त्यातच विक्रांतचे कॅटपल्टही वाफेवरच चालायचे. म्हणजे जहाज ढकलणारी वाफ आणि विमान फेकणारी वाफ एकाच बॉयलरमधून यायची. तिथे दाब घसरला की दोन्हीकडे कमी पडते.

या बॉयलरची रचना समजून घेण्यासारखी आहे. वर वाफेचा एक मोठा ड्रम, खाली दोन बाजूंना पाण्याचे दोन ड्रम आणि त्यांना जोडणाऱ्या शेकडो नळ्या, असा तो त्रिकोण असे. त्रिकोणाच्या पोटात तेलाचे बर्नर पेटत. नळ्यांमधल्या पाण्याची वाफ होऊन वरच्या ड्रममध्ये चढे आणि तिथून टर्बाइनकडे जाई. असे चार बॉयलर आणि पार्सन्स जातीची दोन टर्बाइन मिळून ४० हजार अश्वशक्ती. दुसऱ्या महायुद्धातले हे तंत्र. नौकेचे बांधकामच मुळी १९४३ मध्ये इंग्लंडमध्ये 'एचएमएस हर्क्युलिस' या नावाने सुरू झाले होते. युद्ध संपल्यावर ते अर्ध्यावर थांबले, १९५७ मध्ये भारताने तो सांगाडा विकत घेतला आणि बेलफास्टमध्ये पूर्ण करून ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल केला. दहाच वर्षांत तिच्या बॉयलरला भेगा पडल्या आणि तेव्हा कळले की जहाज आपले असले तरी त्याच्या पोटातला ड्रम परक्यांच्या कारखान्यातून यायचा आहे.

नौदलप्रमुख ॲडमिरल एस. एम. नंदा होते. १९६५ च्या युद्धात विक्रांत दुरुस्तीसाठी गोदीत अडकून पडली होती. आता १९७१ मध्ये पाकिस्तानशी पुन्हा युद्धाची चिन्हे दिसत होती; याही वेळी ती बंदरातच बसून राहिली तर पांढरा हत्ती म्हणून तिची संभावना होईल आणि नौदलाच्या हवाई शाखेवर कायमची फुली पडेल, हे नंदांनी ओळखले. भेगाळलेल्या बॉयलरसह तिला पूर्वेकडे पाठवण्याच्या निर्णयामागे ते आणि विक्रांतचे कप्तान स्वराज प्रकाश हे दोघे ठामपणे उभे राहिले. अंदमानातल्या पोर्ट कॉर्नवॉलिसच्या आडोशाने तिने वाट पाहिली. ४ डिसेंबरला तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले चढवले. तिला बुडवायला निघालेली पाकिस्तानी 'गाझी' पाणबुडी त्याच्या आदल्या रात्रीच विशाखापट्टणमसमोर समुद्राच्या तळाशी गेली होती.

डिसेंबरच्या मध्यावर दुसरी एक विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात शिरली. अमेरिकेने पाठवलेल्या 'टास्क फोर्स ७४' ची ती प्रमुख: 'यूएसएस एंटरप्राइझ'. तिच्या पोटात आठ अणुभट्ट्या होत्या. एकाच उपसागरात त्या दिवसांत नौका हाकण्याच्या दोन टोकांच्या पद्धती हजर होत्या. एकीकडे जपून, दाब धरून पेटवलेले १९४० च्या दशकातले बॉयलर, दुसरीकडे वर्षानुवर्षे तेल न घेता फिरणारी अणुनौका. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याच्या शरणागतीवर सह्या झाल्या आणि या दोघींची गाठ पडण्याचा प्रसंग टळला.

श्रीमंतांचाही हिशेब

एंटरप्राइझकडे पाहून कोणालाही वाटेल, की पैसा असला की प्रश्न सुटला. अमेरिकेत तो सुटला नव्हता. एंटरप्राइझ नोव्हेंबर १९६१ मध्ये दाखल झाली. तिच्या जातीच्या आणखी पाच नौका बांधायचा बेत होता, तो खर्चाच्या आकड्याने गारद झाला. १९६३ मध्ये पुढच्या नौकेची पाळी आली तेव्हा संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी अणुइंजिनाला नकार दिला. अणुइंजिनांचे जनक ॲडमिरल हायमन रिकोव्हर आणि नौदलाचे अधिकारी कितीही हटून बसले, तरी 'जॉन एफ. केनेडी' ही नौका तेलावर चालणाऱ्या बॉयलरसहच बांधली गेली.

नौदलाने मग डोळ्यांत भरेल असे प्रात्यक्षिकच करून दाखवले. १९६४ च्या उन्हाळ्यात एंटरप्राइझ आणि तिच्या जोडीच्या दोन अणुनौका, 'लाँग बीच' आणि 'बेनब्रिज', वाटेत तेलाचा एक थेंबही न घेता ६५ दिवसांत जगप्रदक्षिणा करून आल्या. तरीही आठ अणुभट्ट्यांचा व्याप परवडणारा नव्हता. तेच काम दोन मोठ्या अणुभट्ट्यांत बसवता येऊ लागले तेव्हा गणित जुळले आणि १९७५ मध्ये 'निमिट्झ' आली. तिथून पुढे अमेरिकेने बांधलेल्या सगळ्या मोठ्या विमानवाहू नौका अणुइंजिनाच्याच होत्या.

यातून एक गोष्ट दिसते. मोठ्या युद्धनौकेचे इंजिन निवडणे हे कधीच निव्वळ वेगाचे आणि अश्वशक्तीचे काम नसते. इंधन कुठून येणार, सुटे भाग कोण देणार, चालवायला माणसे किती लागणार, तीस-चाळीस वर्षे तो कारखाना आणि तो देश आपल्याशी कसा वागणार, या सगळ्याची ती पैज असते. भारताने गेल्या पन्नास वर्षांत ही पैज तीन-चार वेगवेगळ्या देशांवर लावून पाहिली, आणि तिचा मोठा भाग मुंबईच्या माझगाव गोदीत खेळला गेला.

माझगावातली वाफ

१९६० मध्ये सरकारने माझगाव डॉक ताब्यात घेतली. नौदलप्रमुख होण्याआधी खुद्द नंदांनी तिची धुरा काही काळ सांभाळली होती. ब्रिटिश 'लिअँडर' आराखड्यावर पहिली मोठी लढाऊ फ्रिगेट बांधायचे ठरले. २३ ऑक्टोबर १९६८ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते 'निलगिरी'चे जलावतरण झाले आणि १९७२ मध्ये ती नौदलात आली. दोन बॉयलर, दोन वाफेची टर्बाइन, ३० हजार अश्वशक्ती. एकूण सहा लिअँडर झाल्या, शेवटची १९८१ मध्ये.

इथे कौतुकाची गोष्ट घडली ती जहाजाच्या सांगाड्यापेक्षा आतल्या यंत्रांत. भोपाळच्या 'भेल'मध्ये ही टर्बाइन तयार होऊ लागली. वाफेचे टर्बाइन हे वीजनिर्मिती केंद्रातल्या टर्बाइनचेच भावंड, त्यामुळे ते बनवण्याचा पाया देशात होता. म्हणूनच पुढच्या 'गोदावरी' जातीच्या फ्रिगेट लिअँडरपेक्षा बऱ्याच मोठ्या असूनही त्यांना तेच ३० हजार अश्वशक्तीचे यंत्र बसवले गेले. सांगाडा लांब आणि सुडौल केल्याने वेगाचे फार नुकसान झाले नाही. १९८३ मध्ये माझगावातून बाहेर पडलेल्या गोदावरीवर सोव्हिएत क्षेपणास्त्रे, दोन सी किंग हेलिकॉप्टर आणि ब्रिटिश वंशाचे, पण भोपाळमध्ये घडवलेले इंजिन असा त्रिवेणी संगम होता. परदेशी जाणकारांना हे मिश्रण अजब वाटे. आपल्याकडे ते सक्तीतून आले होते आणि चालले.

पण वाफेची किंमत रोज मोजावी लागे. थंड बॉयलरमधून कामाची वाफ तयार व्हायला काही तास लागतात, म्हणजे 'निघा' असा हुकूम आला की जहाज लगेच निघू शकत नाही. बॉयलर रूममध्ये डोके गरगरेल इतका उकाडा, पाण्याच्या शुद्धतेची अहोरात्र काळजी, गळक्या व्हॉल्व्हची डागडुजी आणि त्यासाठी माणसांची मोठी फौज. जगभरची आरमारे १९७० च्या दशकात वाफ सोडून गॅस टर्बाइनकडे वळली, तरी आपण मात्र त्यानंतरही कोलकात्यात 'ब्रह्मपुत्रा' जातीच्या फ्रिगेट वाफेवरच बांधत होतो. त्यांतली 'बियास' दाखल झाली ती २००५ मध्ये! कारण एवढेच, की हे यंत्र जुने असले तरी आपल्याला बनवता येत होते.

या हट्टाचा हिशेब आता चुकता होतो आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने कोचीन शिपयार्डशी ३१३ कोटी रुपयांचा करार केला, 'बियास'ची वाफेची यंत्रे काढून तिथे डिझेल इंजिने बसवण्यासाठी. 'ब्रह्मपुत्रा' जातीच्या फ्रिगेटचे काळीज बदलण्याची ही पहिलीच शस्त्रक्रिया.

मिकोलाइव्हची गोष्ट

गॅस टर्बाइन म्हणजे सोप्या शब्दांत जमिनीवर उतरवलेले विमानाचे इंजिन. हवा आत ओढायची, दाबायची, तिच्यात इंधन जाळायचे आणि त्या तापलेल्या झोताने टर्बाइनची पाती फिरवायची. बॉयलर नाही, पाणी नाही. काही मिनिटांत पूर्ण ताकद हाती येते. बिघडले तर अख्खे टर्बाइन वर काढून दुसरे बसवता येते. दोष दोन. मंद वेगात ते इंधन ढसाढसा पिते, म्हणून रमतगमत जाण्यासाठी बऱ्याच जहाजांवर सोबत डिझेल इंजिने ठेवतात. आणि त्याला हवा इतकी लागते, की ती आत घेण्याच्या आणि धूर बाहेर टाकण्याच्या नळकांड्यांनी जहाजाचा बराचसा मध्यभाग व्यापला जातो.

भारतीय नौदलाला गॅस टर्बाइनची ओळख ब्रिटिशांनी करून दिली नाही, सोव्हिएतांनी दिली. १९६० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या 'पेट्या' जातीच्या छोट्या नौकांवर एका डिझेलच्या जोडीला दोन गॅस टर्बाइन होती. मग ४ मे १९८० रोजी जॉर्जियातल्या पोटी बंदरात 'आयएनएस राजपूत' दाखल झाली. या विनाशिकेवर निव्वळ गॅस टर्बाइन, चार. वेग ३५ नॉटच्या घरात. राजपूत आणि तिच्या चार बहिणी काळ्या समुद्राजवळच्या मिकोलाइव्ह शहरात बांधलेल्या, आणि त्यांची टर्बाइनही त्याच शहरातली. तेव्हा ते शहर सोव्हिएत संघात होते, म्हणून मॉस्कोशी मैत्री राखली की सगळे मिळत असे.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि मिकोलाइव्ह युक्रेनमध्ये गेले. त्याच वर्षी माझगाव डॉकमध्ये याच शहराच्या टर्बाइनवर चालणारी 'आयएनएस दिल्ली' पाण्यात उतरली होती. ती नौदलात यायला १५ नोव्हेंबर १९९७ उजाडले. नौदलाने टर्बाइनच्या निर्मात्यांशी, आताच्या 'झोर्या-माशप्रोएक्त' शी, थेट संबंध ठेवले आणि विशाखापट्टणमला 'आयएनएस एक्सिला' हे गॅस टर्बाइन उघडून दुरुस्त करण्याचे केंद्रही उभारले. यंत्र बनवता येत नसले तरी निदान दुरुस्त करता यावे, ही शहाणपणाची पहिली पायरी. पुढे 'कोलकाता' आणि 'विशाखापट्टणम' या दोन्ही जातींच्या विनाशिका माझगावात बांधल्या गेल्या त्या युक्रेनी टर्बाइनवरच. प्रत्येकीवर चार आणि वेग ३० नॉटच्या वर.

मग २०१४ आले. रशियाने क्रिमिया घेतला आणि युक्रेनने रशियाला टर्बाइन देणे थांबवले. रशियाच्या कालिनिनग्राडमधल्या गोदीत फ्रिगेटचे सांगाडे इंजिनावाचून ताटकळत पडले. त्यांतले दोन सांगाडे भारताने घेतले. आता पेच पाहा: जहाज रशियात, इंजिन युक्रेनमध्ये, आणि दोघे एकमेकांचे वैरी. तोडगा असा निघाला की टर्बाइन भारताने युक्रेनकडून स्वतः विकत घ्यायची आणि ती रशियन गोदीला नेऊन द्यायची. २०२२ मध्ये तर उघड युद्ध पेटले आणि मिकोलाइव्हवर बॉम्ब पडू लागले. त्यातूनही ९ डिसेंबर २०२४ रोजी 'आयएनएस तुशील' आणि १ जुलै २०२५ रोजी 'आयएनएस तमाल' कालिनिनग्राडमध्ये भारतीय नौदलात दाखल झाल्या. दोन शत्रूंनी मिळून बांधलेली, तिसऱ्याच्या झेंड्याखाली जाणारी अशी युद्धनौका सहसा पाहायला मिळत नाही.

वॉशिंग्टनचा एक फोन

एकाच खुंटीला सगळे टांगायचे नाही, म्हणून नौदलाने दुसरी वाटही धरली होती. माझगावात बांधल्या जाणाऱ्या 'शिवालिक' जातीच्या फ्रिगेटसाठी अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची 'एलएम २५००' टर्बाइन निवडली आणि त्यांची जुळणी बेंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सकडे दिली. जगभरच्या आरमारांत सर्वाधिक खपलेल्या टर्बाइनपैकी हे एक. मूळ इंजिन प्रचंड मालवाहू विमानाचे.

२००९ च्या सुरुवातीला शिवालिकची यंत्रे सुरू करण्याची वेळ आली आणि अमेरिकी परराष्ट्र खात्याने कंपनीला काम थांबवायला सांगितले. नव्या सरकारला म्हणे लष्करी व्यवहारांचा फेरविचार करायचा होता. यथावकाश परवानगी मिळाली आणि २०१० मध्ये शिवालिक दाखलही झाली. पण पैसे मोजून घेतलेले, आपल्याच गोदीतल्या आपल्याच जहाजात बसवलेले इंजिन सुरू करायला दुसऱ्या राजधानीची संमती लागते, हा धडा सगळ्यांसमोर आला. विक्रांतच्या ड्रमसाठी ब्रिटनकडे डोळे लावून बसलो होतो, त्याला तेव्हा चाळीस वर्षे होत आली होती.

विमानवाहू नौकांचा पेच

विमानवाहू नौकांच्या बाबतीत वाफेने आपली पाठ सोडली नाही. १९८७ मध्ये ब्रिटनकडून घेतलेली 'विराट' वाफेवरची. रशियाकडून घेतलेली 'विक्रमादित्य', म्हणजे पूर्वाश्रमीची 'ॲडमिरल गोर्शकोव्ह', हीही वाफेवरचीच. आठ बॉयलर आणि १ लाख ८० हजार अश्वशक्ती. सप्टेंबर २०१२ मध्ये उत्तरेकडच्या समुद्रात तिला पूर्ण वेगाने पळवून पाहिले आणि आठांपैकी सात बॉयलर निकामी झाले.

कारण इतके साधे होते की हसावे की रडावे कळू नये. बॉयलरच्या भिंतींना आतून उष्णतारोधक थर लागतो. रशियात त्यासाठी ॲसबेस्टॉस वापरायची रीत. आपल्या माणसांच्या फुप्फुसांची काळजी म्हणून भारताने ॲसबेस्टॉसला नकार दिला. त्याऐवजी लावलेल्या विटा तापमानाला टिकल्या नाहीत. विटा चिनी बनावटीच्या होत्या असा ठपका रशियनांनी ठेवला आणि चीनने तो झटकून टाकला. त्यात जवळजवळ एक वर्ष गेले. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी विक्रमादित्य अखेर आपल्या ताब्यात आली.

कोचीनमध्ये नवी 'विक्रांत' बांधताना मात्र वाफेला रजा दिली. चार 'एलएम २५००' टर्बाइन, मिळून ८८ मेगावॅट. जुन्या विक्रांतच्या चारही बॉयलरची मिळून ताकद जेमतेम ३० मेगावॅट होती, म्हणजे नव्या जहाजातली दोन टर्बाइनच जुन्या संपूर्ण यंत्रसंचापेक्षा भारी. जहाजावरच्या विजेसाठी तीन-तीन मेगावॅटचे आठ डिझेल जनित्रसंच वेगळे. २००९ मध्ये पाया घातला, ऑगस्ट २०२१ मध्ये ती प्रथम समुद्रात गेली आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात आली. कमाल वेग २८ नॉट आणि पल्ला साडेसात हजार सागरी मैल.

इंजिन बदलले की सगळे जहाज बदलते, ते इथे दिसते. गॅस टर्बाइनवरच्या जहाजात कॅटपल्टला पुरवायला वाफच नाही. म्हणून नव्या विक्रांतच्या डेकचे नाक वर उचललेले आहे आणि विमाने स्वतःच्या ताकदीने त्या चढावरून झेपावतात. त्याची शिक्षा म्हणजे विमानाला इंधन आणि बॉम्ब कमी घेऊन उडावे लागते, आणि टेहळणी रडारचे वजनदार विमान तर तिथून उडूच शकत नाही. खाली इंजिन रूममध्ये घेतलेला निर्णय वर डेकवर वैमानिकाला असा भोगावा लागतो.

पुढची नौका कशावर?

तिसऱ्या विमानवाहू नौकेची चर्चा गेली अनेक वर्षे चालू आहे. तिच्यापुढे ढोबळमानाने तीन वाटा आहेत.

पहिली अणुइंजिनाची. 'अरिहंत' पाणबुडीमुळे आपल्याकडे अणुभट्टी जहाजात बसवण्याचा अनुभव आहे आणि तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा त्यात मोठा वाटा आहे. पण अरिहंतची भट्टी ८३ मेगावॅट उष्णतेची. फ्रान्सची 'शार्ल द गॉल' ही साधारण नव्या विक्रांतएवढीच नौका; तिला प्रत्येकी १५० मेगावॅट उष्णतेच्या दोन भट्ट्या लागतात. फ्रान्सनेही खर्च वाचवायला पाणबुडीतल्याच भट्ट्या वापरल्या, म्हणून ती आपल्या तेलावरच्या पूर्वसुरींपेक्षा हळू धावते, आणि २००७ मध्ये अणुइंधन बदलायला गोदीत गेली ती दीड वर्ष तिथेच होती. एकच अणुनौका असलेल्या देशाला एवढा काळ विमानवाहू नौकेविना राहावे लागते.

दुसरी वाट विजेची. टर्बाइन आणि डिझेल इंजिनांनी फक्त वीज बनवायची आणि ती वीज मोटारींना, रडारला, विजेवरच्या कॅटपल्टला, हवी तिथे वळवायची. ही कल्पना नवीन नाही. अमेरिकेची 'लेक्सिंग्टन' ही विमानवाहू नौका अशीच विजेवर चालायची, आणि १९२९-३० च्या हिवाळ्यात दुष्काळाने धरणे आटली तेव्हा टॅकोमा शहराला तिने महिनाभर वीज पुरवली होती. आज ब्रिटनची ६५ हजार टनी 'क्वीन एलिझाबेथ' दोन गॅस टर्बाइन आणि चार डिझेल इंजिनांच्या विजेवर चालते. मात्र ब्रिटनच्याच 'टाइप ४५' विनाशिकांनी या वाटेवरचा खड्डाही दाखवला. त्यांच्या टर्बाइनची उष्णता परत वापरणारी यंत्रणा पर्शियन आखातासारख्या उष्ण पाण्यात हार खायची आणि भर समुद्रात अख्ख्या जहाजाची वीज जायची. उपाय म्हणून सहाही जहाजांवर आता जास्त ताकदीची डिझेल इंजिने बसवण्याचे काम चालू आहे. अरबी समुद्रात फिरणाऱ्या आरमाराने ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारत आणि ब्रिटन यांनी युद्धनौकांच्या विद्युत प्रणोदनावर एकत्र काम करण्याचे ठरवले. ते करताना हे दोष आधी विचारून घ्यावेत.

तिसरी वाट सरळ: विक्रांतसारखीच आणखी एक. जोखीम कमी, हात बसलेला, पण मर्यादाही त्याच.

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत एकाच दिवशी तीन नौका दाखल झाल्या. तिन्ही माझगावात बांधलेल्या. विनाशिका 'सूरत'च्या पोटात युक्रेनची टर्बाइन. फ्रिगेट 'निलगिरी', म्हणजे त्या १९७२ च्या निलगिरीची नामवारस, तिच्यात अमेरिकी टर्बाइन आणि जर्मन कंपनीची डिझेल इंजिने. पाणबुडी 'वाघशीर' फ्रेंच आराखड्याची, डिझेल आणि बॅटरीवर चालणारी. रचना, पोलाद, शस्त्रे, संगणक यांत देशी वाटा वर्षागणिक वाढतो आहे आणि त्याचा अभिमान रास्तच आहे. पण जहाज हलवणारी मुख्य ताकद आजही चार देशांच्या कृपेत वाटली गेली आहे. चौघांपैकी तिघांशी बरे असले तर आरमार चालते, असा हा विमा. विमा वाईट नाही, पण तो स्वावलंबन नव्हे.

स्वतःचे गॅस टर्बाइन बनवण्याचा प्रयत्न झाला आहे. 'कावेरी' विमान इंजिनाची नाविक आवृत्ती विशाखापट्टणमच्या गोदीत चालवून पाहिली. ती १२ मेगावॅटची निघाली, तर विक्रांतच्या एका टर्बाइनची ताकद २२ मेगावॅट आहे. पुण्याच्या भारत फोर्ज समूहाने झोर्याच्या भारतीय कंपनीत मोठा हिस्सा घेण्याचे पाऊल टाकले आहे. आणि २ एप्रिल २०२५ रोजी नौदलाने पुण्याच्याच किर्लोस्कर ऑइल इंजिन्सकडे ६ मेगावॅटच्या देशी सागरी डिझेल इंजिनाचे काम सोपवले. खर्च २७० कोटी रुपये, त्यातला ७० टक्के वाटा सरकारचा. एका बड्या विनाशिकेच्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळ आहे.

भोपाळमध्ये वाफेचे टर्बाइन बनवायला शिकलो तेव्हा जग वाफ सोडून निघाले होते. या वेळी तरी शिकायला इतका उशीर होऊ नये. म्हणून तिसऱ्या विमानवाहू नौकेच्या फाइलवर वेग, टनभार आणि विमानांची संख्या लिहिण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर लिहिले गेले पाहिजे: भर युद्धात तिचे इंजिन बिघडले, तर ते कोणाची परवानगी न मागता आपण दुरुस्त करू शकू का? उत्तर 'नाही' असेल, तर जहाज आधी आणि इंजिन मागून हा आजवरचा क्रम उलटा करावा. इंजिनाच्या कारखान्यावर आज खर्च करावा, जहाज दहा वर्षांनी आले तरी चालेल.